हिरवा ठिपका

लोणचं घालणं हा आमच्या घरात कधीच प्रश्न नव्हता. कैऱ्या आल्या की माळ्यावरचा अडकित्ता खाली उतरतो, सासूबाई मोहरी फेसायला बसतात, आणि सासरे फोड चाखून दरवर्षी "मीठ कमी आहे" असं सांगतात. मेतकूट, गोडा मसाला आणि इंदुरात राहतो म्हणून पोह्यांवर भुरभुरायचं जीरावन, हेही ओघाने होतंच. लोकमान्यनगरातल्या निम्म्या घरांत आमचा मसाला जातो. उरलेल्या निम्म्यांशी सासूबाईंचं बोलणं नाही.

एवढ्या व्यवहाराला आजवर एक चिठ्ठी पुरत होती. सासूबाईंच्या अक्षरात "तिखट" किंवा "कमी तिखट", वर सेलोटेप. मग ह्यांच्या एका दुकानदार मित्राने बरण्या ठेवायची तयारी दाखवली आणि अट घातली, लेबल पाहिजे. चिठ्ठी नाही, लेबल.

आता लेबल म्हणजे काय काय, ते ऐका. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील ते, बॅच नंबर, पत्ता, तक्रारीसाठी फोन, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, 14 आकडी नंबर. हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत हवा, मराठी आपली हौस म्हणून वर. बरणी 200 ग्रॅमची. सासूबाईंनी यादी ऐकून विचारलं, "एवढं लिहिल्यावर लोणचं दिसणार कुठून?" त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

स्टिकर छापायला कुठलं मशीन घ्यावं, हे मी फक्त एकदा, पोह्यांच्या दुकानावर, ह्यांना विचारलं. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थांनी जिलेबीचा घास थांबवून सांगितलं, "भाभीजी, थर्मल लो. शाई का झंझटइच नी है." इंदुरात सल्ला मागावा लागत नाही, आपण मोठ्याने बोललो की झालं. पुतण्यानेही थर्मलच सांगितलं. त्याच्या मते कुरिअरवाले तेच वापरतात, म्हणजे प्रश्न मिटला.

जेल रोडवरच्या एका दुकानातून नमुन्याची लेबलं घरी आणली. दिसायला सुबक, काळीभोर अक्षरं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि आधी नखाने एक रेघ ओढली. रेघ काळी उमटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गॅसवरची फोडणीची पळी उचलून थेट लेबलावर टेकवली. पळी उचलली तर खाली गोल काळा डाग, आणि त्यात आमचा पत्ता, वजन, किंमत सगळं गडप.

पुतण्याने समजावून सांगितलं. या मशीनमध्ये शाई नसतेच. कागदालाच असा थर दिलेला असतो की ऊब लागली की तो काळा पडतो. मशीनचं डोकं हवं तिथे तापतं, तिथे अक्षर उठतं. नंतर दुसऱ्या कशाने तापलं, तर तिथेही उठतं. ऊन लागलं, तेल लागलं, तर उठलेलं फिकंही होतं.

"म्हणजे ऊब दिली की छापतं," सासूबाई म्हणाल्या. "मग मशीन कशाला? पळी आहे की."

कुरिअरच्या खोक्याला चार दिवसांचं आयुष्य पुरतं. लोणच्याला वर्ष काढायचं असतं, त्यातला मे महिना इंदूरचा. थर्मल बाद झालं.

घरच्या इंकजेटबद्दल फार लिहीत नाही. बरणी फ्रीजमधून काढली, तिला घाम आला, आणि "आम का अचार" निळसर ओघळ होऊन ओट्यावर आला. जाणकार सांगतात की पिगमेंट शाई घ्या, ती पाण्याला दाद देत नाही. शाई देत नसेल, पण साधी गमिंग शीट, म्हणजे मागे गोंद असलेला कागद, देते, ती फुगते.

लेसरचं मात्र मला मनापासून आवडलं होतं. टोनर म्हणजे बारीक भुकटी, ती कागदावर वितळवून बसवतात, त्यामुळे पाण्याची भीती नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने ए-फोर गमिंग शीटवर झकास छापून दिलं. संध्याकाळच्या ऑर्डरपुरती लेबलं मी सोलून घेतली आणि अर्धी उरलेली शीट दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडे नेली. त्याने हात जोडले. आत 200 अंशांच्या आसपास तापलेला रोलर असतो, आणि सोलायला सुरुवात केलेल्या शीटवरचं एखादं लेबल सुटून तिथेच बिऱ्हाड करतं, असं त्याचं म्हणणं. त्याचं मागचं मशीन कोणाच्या तरी लग्नाच्या आहेराच्या पाकिटांवरच्या स्टिकरने गेलं होतं. मागे गोंद असलेलं सोलून चिकटवायचं लेबल 1935 साली अमेरिकेत स्टँटन एव्हरी यांनी बाजारात आणलं. त्यांना झेरॉक्सवाल्याचं दुःख ठाऊक असण्याचं कारण नाही.

मग आम्ही सहकुटुंब आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलो. सहकुटुंब म्हणजे मी, हे, पेनड्राइव्ह घेतलेला पुतण्या, आणि पिशवीत लोणच्याची वाटी घेतलेल्या सासूबाई. वाटी कशाला, हे मी विचारलं नाही. मला कळायला हवं होतं असा त्यांचा चेहरा होता.

दुकानातला मुलगा हुशार होता. त्याने रिबनवालं मशीन दाखवलं. यात रिबनवर शाईचा थर असतो, डोकं तापलं की तो वितळून लेबलावर उतरतो, कागद स्वतः काळा पडत नाही. मग तो आकड्यांवर आला, 203 डीपीआय आणि 300 डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. हे चटकन पैशांवर गेले, म्हणून फरक मीच समजून घेतला. 203 म्हणजे एका मिलिमीटरमध्ये 8 ठिपके. आपलं घटकांचं बारीक अक्षर मिलिमीटरभर उंच. त्या 8 ठिपक्यांत वर वेलांटी, मध्ये अक्षर, खाली उकार, आणि अनुस्वाराला जागा उरली तर उरली. इंग्रजीवाल्यांचं भागतं. आमच्या नमुन्यात "हींग"चा अनुस्वार गेला आणि "मिर्च"चा रफार वेलांटीत मिसळला. 300 मध्ये 12 ठिपके, तिथे हिंग परत आला. किंमतही चढली.

मशीनची किंमत मुलाने खणखणीत आवाजात सांगितली होती. रिबनची सांगताना आवाज उतरला. रिबन मेणाची, मेण-रेझिनची किंवा नुसत्या रेझिनची, शिवाय शाईचा थर आतून की बाहेरून, आणि गाभा अर्धा इंच की एक इंच. चुकीची आणली तर मशीन मुकाट्याने कोरी लेबलं देतं. रोल बदलल्यावर दोन लेबलांमधली फट त्याला ओळखायला शिकवली नाही तरीही कोरीच देतं, आणि वाटेत तीन-चार सोडून देतं.

मुलाने मेणाच्या रिबनवर कागदी लेबल छापून अदबीने पुढे केलं. सासूबाईंनी वाटी काढली, लोणच्याच्या तेलात अंगठा बुडवला आणि लेबलावर दाबून फिरवला. किंमत गेली, तारीख गेली.

"आंटीजी," मुलगा कळवळून म्हणाला, "ग्राहक ऐसे थोड़ी रगड़ेगा!"

"अचार की बरनी को सूखा हाथ कौन लगाता है, बताओ," सासूबाई म्हणाल्या.

दुकानात शांतता पसरली. इतके दिवस जो तो मला मशीनबद्दल सांगत होता. तेलाचा हात कोणीच हिशेबात धरला नव्हता. मुलाने आतून पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या लेबलांचा रोल आणला, रेझिनची रिबन चढवली आणि पुन्हा छापलं. अंगठा फिरला, दोनदा फिरला, अक्षर जागचं हललं नाही. मुलाने कपाळ पुसलं. मला वाटलं झालं.

तेवढ्यात मला हिरवा ठिपका आठवला.

शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत भरीव हिरवा गोल लागतो. मांसाहारी पदार्थावर तपकिरी त्रिकोण. काळ्या ठिपक्याची तरतूद नाही. मशीन छापणार एकाच रंगात. मुलगा म्हणाला, हिरवी रिबनही येते. येते, पण मग सगळंच हिरवं. सासूबाईंनी काळ्या ठिपक्याची बाजू लढवून पाहिली, निदान दृष्ट तरी लागणार नाही म्हणून. मग पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. त्यात हिरव्या होत्या, बरोबर मापाच्या. चौकट आपण स्केचपेनने काढू, म्हणाल्या. ह्यांनी ते गांभीर्याने घेतलं आणि एका टिकलीचा भाव काढायला लागले.

रंगीत लेबलांचं मशीनही त्या दुकानात होतं. त्याची किंमत ऐकल्यावर हे उसाच्या रसाची गाडी शोधायला बाहेर गेले.

तोडगा शेवटी छापखान्यात निघाला. 12 बाय 18 इंचाच्या शीटवर डिजिटल छपाई, वरून लॅमिनेशन, आणि हाफ कट, म्हणजे लेबल कापलं जातं पण मागचा कागद अखंड राहतो. हिरवा ठिपका, नाव, घटक सगळं तिथे रंगीत. तारीख, बॅच आणि किंमत यांच्यासाठी एक कोरी पट्टी सोडायची, आणि त्या मापाचं छोटं लेबल घरच्या रिबनवाल्या मशीनवर छापून तिथे लावायचं. छापखानेवाल्याने आधी आग्रह धरला की एकदम हजारांनी छापा, स्वस्त पडेल. पण तेलाचा भाव वाढला की आमची किंमत बदलते, आणि मग ती हजारो लेबलं रद्दीत. हे मी त्याला सांगितलं तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं.

उरला प्रश्न फोटोचा. लेबलावर आजीचा फोटो असला की माल खपतो, ही कल्पना पुतण्याची. सिल्व्हर मॉलमध्ये त्याने पेनड्राइव्ह आणला होता तो त्यासाठीच, आणि 203 वर एक नमुना काढूनही घेतला होता. नुसत्या काळ्या ठिपक्यांत नाकाखालची सावली भरून आली होती आणि तिची झुपकेदार मिशी झाली होती. तो कागद त्याने आजवर खिशात लपवला होता. छापखान्यात रुमाल काढताना तो पडला.

सासूबाईंनी उचलला, लांब धरून पाहिला.

"हे तर तुझे सासरे," त्या मला म्हणाल्या.

छापखानेवाल्याने घाईघाईने सांगितलं की रंगीत छपाईत असं होणार नाही, चेहरा स्वच्छ येईल, मिशी तर अजिबात येणार नाही.

"नको, ह्यांचाच घाला," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर मीठ कमी मीठ कमी करताहेत. आता बरणीवर बसा म्हणावं, आणि काय ते गिऱ्हाइकाला सांगा."