‘गळू कापलं, गोळी दिलीच नाही’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार. मांडीवरचं गळू कापायचे पैसे घेतले, पू तपासायला पाठवून खर्च वाढवला, अँटिबायोटिक मात्र दिलं नाही; मेडिकलवाल्याने पन्नास रुपयांच्या क्रीममध्ये काम केलं असतं, अशी आपली तक्रार आहे. केसपेपरवरचं जाहीर बोलता येत नाही, त्यामुळे आपणच लिहिलंत तेवढ्यावर बोलतो.

पिकलेल्या गळवात पूची बंद पोकळी असते. तिच्यात रक्त फिरत नाही, म्हणून गोळीचं औषध आत पुरेसं पोहोचत नाही. चीर देऊन पू काढणं आणि आतले कप्पे मोकळे करणं हाच खरा उपचार. गळू लहान, ताप नाही, भोवतीची लाली पसरत नाही, मधुमेह नाही, तर त्यानंतर बहुतेकदा गोळी लागत नाही.

वर्षातलं हे तिसरं, आधीची दोन मेडिकलच्या गोळ्या दोन दिवस घेऊन ‘बसवली’, हेही आपलेच शब्द. कल्चर, म्हणजे पूतला जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघणारी तपासणी, त्यासाठीच. गळवामागे बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो आणि त्याच्या एमआरएसए प्रकारावर सेफॅलेक्सिनसारख्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. गळवं वारंवार येणाऱ्यांच्या नाकात हा जंतू अनेकदा मुक्कामाला असतो. तसं असेल तर म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम ५ दिवस, दिवसातून दोनदा नाकपुड्यांत, आणि टॉवेल-चादरी गरम पाण्यात. सोबत साखरही तपासावी.

त्या पन्नास रुपयांच्या क्रीमबद्दल: अशा मिश्रणांत बऱ्याचदा क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. लाली-खाज दोन दिवसांत उतरते, जंतू मात्र तसाच. पावसाळ्यात अशी दबलेली, चिघळलेली त्वचा घेऊन येणारे इतके असतात की या क्रीमचं नाव काढलं तरी आम्ही वैतागतो. मलम चालतं ते वरवरच्या संसर्गाला, जसं लहान मुलांच्या नाकातोंडाजवळची मधासारखी पिवळी खपली. ती कोमट पाण्याने भिजवून काढायची, मग २ टक्के म्युपिरोसिन दिवसातून तीनदा, ५ दिवस.

ड्रेसिंग करताना लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवा. लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी दाखवा. थंडी वाजून ताप आला किंवा जखम दिसते त्याहून खूपच जास्त दुखू लागली, तर आमच्या वेळेची वाट न बघता केईएम, सायन किंवा नायर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. एरवी कल्चरचा रिपोर्ट घेऊन ड्रेसिंगच्या दिवशी या. औषध द्यायचं की नाही आणि कोणतं, ते तेव्हाच ठरवू.