कौलारू घर मुक्कामासाठी उघडताय? सिमेंट उंबऱ्याबाहेर ठेवा

कोकणातली वर्षानुवर्षं कुलूप लागलेली चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची घरं आता पाहुण्यांसाठी उघडू लागली आहेत. याचा मनापासून आनंद आहे, कारण बंद घर दोन पावसाळ्यांत वाळवीच्या ताब्यात जातं. पण यातल्या कितीतरी घरांची दुरुस्तीच चुकते. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता पंख्याशिवाय पडवीत डोळा लागावा, यासाठी माणूस मुंबई-पुण्याहून तिथे येतो. नेमकी तीच झोप सिमेंट, पीओपी आणि सरकत्या काचा हिरावून घेतात.

ते घर गार का राहतं, हे आधी समजून घ्यावं. सव्वा-दीड फूट जाडीच्या जांभ्याच्या भिंतीतून उन्हाची धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पडवीमुळे मूळ भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. छप्पर उंच असतं, गरम हवा वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून निघून जाते. पीओपीचं छत घातलं की ही हवा कोंडते. शिवाय वासे झाकले जातात, आणि वाळवी लागलेली कळते ती वासा वाकल्यावरच. पडवीला काचा लावल्या की तिची उन्हात तापणारी पेटी होते.

आता भिंतीकडे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश निसर्ग-अभ्यासकाने केरळात हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. खाणीत तो मऊ असतो, सहज कापता येतो आणि उघड्यावर हवा लागून घट्ट होतो. हा दगड पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती वर चढते, मीठ फुलतं, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि सतत ओला राहिलेला चिरा कमजोर होतो. मग गवंडी आणखी जाड गिलावा सुचवतो आणि त्रास वाढतच जातो. सिमेंट आधीच असेल तर छिन्नीने हलक्या हाताने काढा, एक कोरडा हंगाम भिंत उघडी ठेवा आणि मगच पुढचं काम काढा.

दरजा (चिऱ्यांमधले सांधे) आणि गिलावा चुन्याचाच हवा. चुनकळी (न विरलेल्या चुन्याचे खडे) पाण्यात टाकावी, चुनकळीवर पाणी ओतू नये; ती उसळते आणि डोळ्यांत उडते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना किमान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू द्या. कच्चा वापरला तर न विरलेले खडे नंतर भिंतीत फुलतात आणि गिलाव्याला फोड येतात. प्रमाण साधारण एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची खारी वाळू नको. भिंत आधी भिजवा, एकेक थर बोटाच्या पेरापेक्षा पातळ ठेवा आणि आठ-दहा दिवस ओल्या गोणपाटाने झाका. घाई केली की बारीक तडे जातात. हे काम डिसेंबर ते मार्च या काळातलं; पावसात चुना धरत नाही. वरून प्लॅस्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत वाया. पातळ चुन्याचे चार-पाच हात मारा, एकच दाट हात नको, तो हाताला लागतो.

छपराला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, कारण कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून जास्त पाऊस पडतो. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, पुढे किनारपट्टीवर असे अनेक कारखाने निघाले. प्रत्येकाच्या साच्यात थोडा फरक असतो. म्हणून दोन पडक्या घरांची कौलं एका छपरावर मिसळली की खाचा बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते. कौल उलटं करून मागचा ठसा बघा. एका पाख्यावर एकाच ठशाची कौलं ठेवा. १०० चौरस फुटांना साधारण १५० कौलं लागतात, त्यावर दहा टक्के जास्त आणून ठेवा, कारण माकडं ती फोडणारच. बोटाने वाजवून बघा: खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर बाजूला काढा. रिपांचं (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्यांचं) अंतर आपल्या हातातलं कौल ठेवून ठरवा, सुताराच्या पाठांतरावर नको. दोन पाखी मिळतात त्या पन्हळीत जाड पत्रा घाला आणि दर मे महिन्यात तिथला पाला काढा. कौलं नीट बसलेली असली की बहुतेक गळती त्यांतून होतच नाही, तुंबलेल्या पन्हळीतून होते.

पागोळ्या जिथे पडतात तिथे जांभ्याचे तुकडे पसरा. खळ्याला (घरापुढच्या अंगणाला) वर्षानुवर्षं थर चढवून ते जोत्याइतकं उंच झालं असेल तर आधी ते उतरवा. त्याशिवाय भिंतीची ओल जाणार नाही.

माजघराची शेणाची जमीन काढून चकचकीत लादी घालू नका. खालची ओल लादीतून बाहेर पडू शकत नाही, म्हणून ती भिंतीकडे वळते. जमीन चोपून घट्ट केली आणि दर आठ-दहा दिवसांनी सारवली तर ती पायाला गार लागते. काळ्या रंगासाठी जुन्या सेलमधली पूड घालायची पद्धत गावोगाव आहे. ती कृपया थांबवा, त्यात विषारी धातू असतात आणि मुलं त्याच जमिनीवर रांगतात. करवंटीचा कोळसा वाटून घाला. खुर्च्यांच्या पायांना रबर लावा आणि ओले पाय पुसायला उंबऱ्यावर गोणपाट ठेवा. एवढं पुरतं.

लाकूड फणसाचं किंवा सागाचं असेल तर अळशीचं तेल पुरेसं आहे. फक्त तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच फेका. खांबांच्या बुडाशी सिमेंट ओतू नका, खांब दगडी तळखड्यावर उघडाच राहू द्या.

न्हाणी-संडास मूळ घरात घुसवू नयेत. मागीलदारी जोडून वेगळी खोली बांधा, म्हणजे चिऱ्याच्या भिंतीत पाइपांसाठी चर खणावे लागत नाहीत. शोषखड्डा विहिरीपासून किमान साठ फूट दूर हवा. जांभ्याच्या भेगांतून घाण पाणी लांब जातं, म्हणून अंतर याहून जास्त मिळालं तर बरंच. वीज भिंतीवरून पट्टीत न्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच. ओलसर घरात हा खर्च टाळायचा नसतो.

कागदांपैकी एकच गोष्ट जीव खाते: सामाईक घर. उताऱ्यावर काका-चुलत्यांची नावं असतील तर पहिला चिरा हलवण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या.

आणि तुम्ही पाहुणे म्हणून जाणार असाल तर फोनवर एसी आहे का हे विचारू नका. पडवी उघडी आहे का, जमीन कसली आहे, रात्री न्हाणीपर्यंत दिवा आहे का, हे विचारा. बॅटरी सोबत ठेवा. चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात साप असतो आणि अंधारात तो दिसत नाही. रात्री छपरातून एखादा पानाचा तुकडा किंवा धूळ अंथरुणावर पडेल. मच्छरदाणी मागून घ्या, ती दोन्ही गोष्टी अडवते.