कूलरची मोटर जळते, म्हणून कारची जळेल?

उन्हाळा तोंडावर आला की नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "इलेक्ट्रिक कार घेऊ नका. आपल्याकडे कूलरची मोटर दर उन्हाळ्यात जळते, ५६ डिग्रीत कारची काय टिकणार? ४५ किलोवॅट म्हणजे ४५ हॉर्सपॉवर, त्यात चार माणसं आणि एसी ओढत नाही. पाण्यात गेली की खलास. ओलाच्या टॅक्सी नागपुरात मोटरी जळूनच बंद पडल्या. आणि जळलेली मोटर कोणी रिवाइंड करून देत नाही." यातला शेवटचा दावा बऱ्यापैकी खरा आहे. त्याच्याच जोरावर बाकीचे चार लोकांच्या गळी उतरतात.

आधी ते ५६ डिग्री. मे २०२४च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्रावर हा आकडा झळकला होता, पण सेन्सर बिघडला होता असं हवामान खात्यानंच नंतर सांगितलं. नागपूरचा नोंदलेला उच्चांक २०१३च्या मे महिन्यातला, ४७.९. तोही काही कमी नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भरदुपारी वर्धा रोडवर दुचाकी चालवणाऱ्याला विचारा.

आता कूलर. ही तुलना मला आवडते, कारण उत्तर तिच्यातच आहे. कूलरची मोटर काहून जळते? आठ महिने ती गच्चीवर नाहीतर जिन्याखाली पडून असते. होळीनंतर काढतो, ताट्या बदलतो, रंगाचा हात मारतो आणि प्लग लावतो. बुशात, म्हणजे मोटरीचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो त्या कड्यात, तेल टाकायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. पेटीत कायम ओल, त्यामुळे शाफ्ट गंजलेला. रात्री व्होल्टेज पडतं, कपॅसिटर आधीच कमजोर, पंखा वेग घेत नाही. मोटर नुसती गुणगुणते, करंट चढत जातो आणि हे पाहणारं त्या पेटीत कोणीच नसतं. वार्निश जळल्याचा वास येऊन घरातलं कोणी उठेपर्यंत खेळ संपलेला असतो. अशी मोटर उघडली की कारण डोळ्यांना दिसतं: बुश झिजून अंडाकृती झालेला, रोटर (फिरणारा भाग) स्टेटरला (स्थिर भागाला) घासल्याच्या रेघा, आणि वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, काळंठिक्कर. उन्हानं शेवटचा धक्का दिला असेल, पण दोष बुशाचा आणि बेवारस सोडलेल्या करंटचा.

कारची मोटर अशी थेट लाइनला जोडलेली नसते. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये इन्व्हर्टर असतो, म्हणजे बॅटरीच्या करंटचं रूप बदलून तो मोटरीला देणारं उपकरण. ती थ्री-फेज असते आणि तिला किती करंट द्यायचा हे तो इन्व्हर्टर क्षणाक्षणाला ठरवतो. मोटरीच्या आत तापमानाचा सेन्सर असतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापली की करंट आपोआप कमी होतो. गाडी मरगळते, चालवणारा वैतागतो, पण मोटर वाचते. टाटाच्या टियागो ईव्हीसारख्या इलेक्ट्रिक गाडीत तर मोटर थंड ठेवायला कूलंट फिरतो.

इथे मेसेजवाल्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगतो. वाइंडिंगच्या इन्सुलेशनबद्दल, म्हणजे तारेवरच्या वीजरोधक लेपाबद्दल, जुना ठोकताळा आहे की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. म्हणजे नागपूरचं ऊन हिशेबात धरावंच लागतं. पण अशा मोटरीत सहसा वापरतात ते एच क्लासचं इन्सुलेशन १८० अंशांपर्यंत चालतं. आणि मोटर खरी तापते ती लोडनं. सपाट रस्त्यावर साठच्या वेगानं जाणाऱ्या छोट्या कारला ढोबळमानानं ६ ते ८ किलोवॅट पुरतात. ४५ किलोवॅटची मोटर सीताबर्डी ते हिंगणा बहुतेक वेळ निवांत असते. कूलरची मोटर रात्रभर फुल लोडवर. उन्हाची काळजीच करायची तर बॅटरीची करा. उष्णतेनं तिचं आयुष्य खरोखर घटतं.

किलोवॅट आणि हॉर्सपॉवर एकच समजणं ही तर सरळ गणिताची चूक. १ किलोवॅट म्हणजे सुमारे १.३६ पीएस (आपल्याकडे गाड्यांची हॉर्सपॉवर याच एककात सांगतात), म्हणजे ४५ किलोवॅटचे ६१ पीएस झाले. टियागो ईव्हीच्या लहान बॅटरीच्या मॉडेलची मोटर एवढीच आहे, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११० न्यूटन-मीटर. एमजी कॉमेट त्याहून लहान, ४२ पीएस, पण टॉर्क तिचाही ११०. जुनी अल्टो ८०० आठवा: ४८ पीएस, ६९ न्यूटन-मीटर, आणि तेही इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांवर गेल्यावर. चार माणसं, डिकीत संत्र्यांची पेटी आणि एसी घेऊन अख्खा विदर्भ तिच्यातून फिरला. इलेक्ट्रिक मोटर पूर्ण टॉर्क जागेवरूनच देते, त्यामुळे सिग्नल सुटताना फरक लगेच जाणवतो. विचारायचंच तर शोरूममध्ये दुसरं विचारा. ब्रोशरात छापतात तो आकडा थोड्या वेळासाठी मिळणाऱ्या कमाल ताकदीचा असतो. सलग अर्धा तास किती ताकद देता येते, हे मोजायची पद्धत एआयएस-०४१ या भारतीय मानकात आहे. तो आकडा सहसा कमी असतो आणि जाहिरातीत दिसत नाही.

पाण्याचं थोडक्यात. मोटर-बॅटरीला आयपी६७ हे रेटिंग असेल तर धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास निभाव लागतो. नरेंद्रनगरच्या पुलाखाली साचणाऱ्या पाण्याला ते पुरेसं आहे. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि गाड्या तासन्‌तास बुडून राहिल्या, तशा वेळी नाही. पण त्या दिवशी पेट्रोल-डिझेल गाड्यांचं तरी काय झालं?

ओलाच्या टॅक्सींचा दावा ऐकून मात्र हसू येतं, कारण हा प्रयोग आपल्याच गावात सगळ्यांसमोर झाला. मे २०१७मध्ये ओलाच्या इलेक्ट्रिक टॅक्सींचा ताफा सुरू झाला. त्यात महिंद्राच्या ई२ओ प्लस होत्या, साध्या इंडक्शन मोटरीच्या. वर्षभरात चालक गाड्या परत करायच्या गोष्टी करू लागले. तक्रारी गाजल्या त्या चार्जिंगच्या लांबच लांब रांगांच्या आणि न परवडणाऱ्या खर्चाच्या. रांगेत तास घालवले तर भाडी कधी मारायची? धंदा बसला तो तिथे.

राहिलं रिवाइंडिंग, आणि इथे मेसेजवाल्याशी मी बराचसा सहमत आहे. आपला वाइंडिंगवाला बोअरच्या पंपाची मोटर दोन दिवसांत उभी करून देतो. कारच्या मोटरीत बऱ्याचदा तारेऐवजी तांब्याच्या चपट्या पट्ट्या वाकवून, वेल्ड करून बसवलेल्या असतात आणि वरून रेझिन ओतलेलं असतं. रोटरमध्ये जबर ताकदीची चुंबकं. योग्य जिग नसताना तो बाहेर ओढायला गेलात तर बोटं चेंगरतील. त्यामुळे कंपन्या दुरुस्तीपेक्षा अख्खं युनिट बदलायला सांगतात आणि वॉरंटीबाहेर ते महागात जातं. टियागो ईव्हीला बॅटरी आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी आहे. टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एसमध्ये ड्राइव्ह युनिटमधून (मोटर, इन्व्हर्टर आणि गिअर यांच्या जोडसंचातून) आवाज येण्याच्या तक्रारी वाढल्या होत्या. शेवटी २०१४मध्ये कंपनीनं त्या युनिटची वॉरंटी ८ वर्षांची केली, किलोमीटरची अट न घालता, आधी विकलेल्या गाड्यांनाही.

मोटरीत खरंच काही बिघडतं तेव्हा बहुधा वाइंडिंगच्या आधी बेअरिंग, सील नाहीतर कनेक्टर जातो. इन्व्हर्टरमुळे शाफ्टवर व्होल्टेज चढतं, त्याचा करंट बेअरिंगमधून वाहतो आणि त्याच्या कड्यांवर बारीक आडव्या रेघा पडतात. त्याचा आवाज वेगाबरोबर चढत जाणाऱ्या घरघरीसारखा येतो. सेकंडहँड घेत असाल तर एसी आणि गाणी बंद करून रिंग रोडवर एक चक्कर मारा, कूलंटची पातळी बघा. आणि नुसतं बेअरिंग बदलून देता की अख्खं युनिटच विकता, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.