नव्वद दिवसांचा दाखला देणार कोण?

परप्रांतीय मजुरांना मदत करताना चर्चला येणाऱ्या अडचणी मी मागच्या लेखात सांगितल्या होत्या. त्यावर एका वाचकांनी सडेतोड लिहिलंय. वसईपासून मुंबईपर्यंत चर्चकडे जमिनी आहेत, शाळा आहेत, परदेशातून पैसा येतो. तरी नाक्यावरच्या परप्रांतीय मजुराला नाताळात ब्लँकेट दिलं, फोटो काढले की झालं. मी सांगितलेल्या अडचणी म्हणजे निव्वळ सबबी, असं त्यांचं म्हणणं.

फोटोंचं खरं आहे. ब्लँकेटपेक्षा बॅनर मोठा असतो, त्याचा मलाही वैताग येतो. पैशाचं गणित मात्र तुम्ही समजता तसं नाही. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. एका संस्थेने दुसरीला तो निधी द्यायची सोय बंद झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. मोठ्या संस्थेकडून थोडेफार पैसे घेऊन वस्तीत काम करणारे छोटे गट तिथेच अडले. धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या पॅरिशच्या, हाती राहतं ते मुख्यतः लोकांचं दान. त्यातून तांदूळ येतात, पगारी माणूस ठेवणं अवघड.

आणि मजुराला खरी गरज माणसाचीच असते. गवंड्याचं बघा. 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे बिहारच्या कार्डावर त्याला इथे धान्य मिळायला हवं. दुकानातल्या मशीनवर तो बोट टेकवतो, पण सिमेंटने रेषा झिजलेल्या. "अंगठा लागत नाही, उद्या या." उद्या म्हणजे आणखी एक खाडा. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायचं, तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज वेगळ्या मुकादमामागे जाणाऱ्याला तो कोण देणार? ठेकेदार सही टाळतो, कारण उद्या जबाबदारी अंगावर येईल. पालिकेतून दाखला मिळू शकतो, पण त्यासाठी खेटे घालावे लागतात. फादरांच्या शिक्क्याला तिथे किंमत नाही. कुणीतरी त्याच्याबरोबर रांगेत उभं राहायला हवं, आणि तोवर साइट संपून गडी पनवेलला गेलेला असतो. आमच्या धर्मग्रामाची सगळी घडी कुटुंब आणि पत्ता यांवर बसलेली. पत्ताच नसलेला माणूस तिच्यात बसत नाही.

शिवाय सिस्टर वस्तीत दोनदा दिसल्या की धर्मांतराची कुजबुज सुरू. म्हणून काहीजण फाटकाबाहेर पडतच नाहीत. याला तुम्ही भित्रेपणा म्हणाल, तर काही ठिकाणी तो आहेच. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ साली घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली, ती वाटपावर नव्हे, संघटनेवर उभी राहिली. ती वाट आमच्याच घरातली आहे, पण तिच्यावरून चालणारे थोडे.

शाळांचा तुमचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून, म्हणजे गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांच्या अटीतूनही, सूट मिळाली. सूट आहे, बंदी नव्हे. साइटवरच्या चार पोरांना बिनफीचं पहिलीत बसवायचं ठरवलं, तर हा निकाल आड येत नाही. प्रवेश सुरू व्हायच्या आत हा विषय मी पॅरिश कौन्सिलमध्ये मांडणार आहे. तुमच्या भागातल्या शाळेत तुम्हीही विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते इथेच लिहा.