मुक्या साक्षीदाराची उलटतपासणी

माझे साडू नाशिकच्या एका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. म्हणजे बँकेने त्यांना निवृत्त केलं. त्यांच्यातलं ऑडिट अजून रुजू आहे. लग्नाच्या पंगतीत बसले तरी ताटातल्या जिलब्या आणि आहेराची रक्कम यांचा मेळ घालून उठतात. उन्हाळ्यात ते डब्लिनला आमच्याकडे येणार असं ठरलं, तेव्हा तिकिटं निघायच्या आधीच मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. विषय : परवडणाऱ्या आयरिश व्हिस्कीची चाचणी व अहवाल.

भारतात परतताना माणशी 2 लिटर दारू करमुक्त नेता येते. ते आणि त्यांच्या सौ. मिळून 4 लिटर. या कोट्याचा 'पूर्ण आणि काटकसरीने विनियोग' व्हावा, सबब आपण स्थानिक रहिवासी असल्याने एक स्वस्तातली बाटली घेऊन तिला रंग, वास, चव आणि रेंगाळ या चार शीर्षांखाली दहापैकी गुण द्यावेत. खर्चाची प्रतिपूर्ती होईल. पावती जपून ठेवणे.

आता मी पितो, नाही असं नाही. पण मी पितो तसा, चार माणसांत, फरसाणाच्या आडोशाने. गुण देण्यासाठी पिणं हे वेगळंच खातं आहे. त्यात कोणी हसत नाही.

रविवारी सकाळी भाजी आणायला गेलो तेव्हाच हे उरकून टाकू म्हटलं. आयर्लंडबद्दल बाहेर जे समज आहेत, त्यातला पहिला तिथे गळून पडतो. सुपरमार्केटात दारूला बाकी सामानापासून सोवळ्यात ठेवलेलं असतं. 2018 सालच्या कायद्यातला हा नियम 2020 च्या नोव्हेंबरात लागू झाला. आमच्या दुकानात त्यासाठी एक आडवी भिंत आणि फाटक आहे, आणि रविवारी ते साडेबारापर्यंत उघडत नाही. कुठल्याच दुकानात तोवर दारू विकता येत नाही. मी आणि माझी कोथिंबीर फाटकापाशी उभे होतो. चर्चमधून परतणाऱ्या आजीबाई आमच्याकडे बघत होत्या. कोथिंबिरीकडे जरा कमी.

आत गेल्यावर दुसरा समज गळला. स्वस्त व्हिस्की स्वस्त नाही. 2022 च्या जानेवारीपासून इथे एक ग्रॅम अल्कोहोलला किमान 10 सेंट अशी सरकारी पायरी आहे, तिच्याखाली कोणी विकायचं नाही. 700 मिलीची, 40 टक्क्यांची बाटली घ्या, त्यात सुमारे 221 ग्रॅम अल्कोहोल बसतं, म्हणजे 22 युरो 9 सेंट. त्यातले जवळजवळ 12 अबकारी कराचे, आणखी चारेक व्हॅटचे. राहिलेल्या सहा युरोंत धान्य, गाळप, काच, बूच, दुकानदाराचा नफा आणि किमान तीन वर्षं लाकडी पिंपात पडून राहणं, तेही आयर्लंडच्या बेटावरच, कारण त्याखेरीज तिला आयरिश व्हिस्की म्हणताच येत नाही. सरकारला 16 आणि तीन वर्षं अंधारात बसणाऱ्याला सहातला वाटा. हा हिशोब साडूंना एवढा आवडेल की अहवाल इथेच संपवावा असं मला वाटून गेलं. शेवटी दुकानाच्या स्वतःच्या नावाची, सगळ्यात खालच्या फळीवरची बाटली उचलली. पावती पाकिटात ठेवली.

पहिलं शीर्ष रंग. मी ग्लास खिडकीशी धरला आणि 'मधासारखा सोनेरी' असं लिहिलं. मग बाटलीमागचं बारीक अक्षरातलं वाचलं. आयरिश व्हिस्कीत रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याने परवानगी आहे. म्हणजे मी साखर जळाल्याचं कौतुक करत होतो. खोडलं.

दुसरं शीर्ष वास. ग्लासात नाक घालायचं पण तोंड किंचित उघडं ठेवायचं, असं एक दाढीवाला व्हिडिओत सांगत होता. त्याला व्हॅनिला आला, हिरवं सफरचंद आलं, 'पावसानंतरचं गवत' आलं. मी तोंड उघडं ठेवून नाक घातलं त्याच क्षणी स्वयंपाकघरात कुळथाच्या पिठल्याला लसणाची फोडणी पडली. मी प्रामाणिक माणूस आहे. 'वास : लसूण' असं लिहिलं. मग दार लावून पुन्हा हुंगलं आणि तेही खोडलं.

व्हॅनिलाचं मात्र खोटं नाही. ती गंमत व्हिस्कीची नाही, पिंपाची आहे. अमेरिकेत बर्बन, म्हणजे तिथली व्हिस्की, ठेवायला दर वेळी नवं कोरं, आतून जाळलेलं ओकचं भांडं लागतं, असा तिथला कायदा. एकदा वापरलेली पिंपं मग आयर्लंडसारख्या ठिकाणी स्वस्तात येतात आणि ओकच्या लाकडातला व्हॅनिलाचा वास सोबत आणतात. म्हणजे मी 22 युरो देऊन एका अमेरिकन पिंपाचा जुना वास घेत होतो. घेतला. बरा होता.

तिसरं शीर्ष चव, आणि खरा छळ इथे सुरू झाला. घोट घेतला. गोडसर लागला, टाळूला किंचित चटका दिला आणि निघून गेला. मी डोळे मिटून वाट पाहिली. काही नाही. पुन्हा घेतला. पुन्हा तेच, आली, नम्रपणे बसली, उठून गेली. ती वाईट असती तर मी दोन पानं लिहिली असती. वाईट गोष्टीवर लिहायला मराठी माणसाला कधी विषयाची टंचाई पडलेली नाही. चांगली असती तरी लिहिलं असतं. पण हिच्याविरुद्ध पुरावा नाही आणि हिच्या बाजूनेही नाही. मी कोर्टात उभा आणि साक्षीदार नुसता मान डोलावतो आहे.

याला कारण आहे आणि ते डब्लिनमध्येच घडलेलं आहे. ईनियस कॉफी नावाचा एक अबकारी अधिकारी होता. आयुष्य दारू गाळणाऱ्यांच्या मागे धावण्यात गेल्यावर त्याने 1830 मध्ये स्वतःच एका उभ्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात धान्याची दारू न थांबता, भराभर आणि स्वस्तात निघते; फक्त वासाचा आणि चवीचा बराचसा भाग वाटेतच राहतो. डब्लिनच्या बड्या घराण्यांनी नाक मुरडलं. आमच्या तांब्याच्या हंड्यांत जे निघतं ती व्हिस्की, आणि हिला त्यांच्या धंद्यात नाव पडलं 'मुकी दारू'. स्कॉटलंडवाल्यांनी ते यंत्र उचललं, मुकीत बोलकी मिसळली आणि जग जिंकलं. आयर्लंडचा धंदा पुढे इतका बसला की 1970 च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण बेटावर दोनच ठिकाणी व्हिस्की गाळली जात होती, कॉर्कजवळ मिडलटनला आणि उत्तरेत बुशमिल्सला. आता मात्र स्वस्त आयरिश बाटली घ्या, तिच्यात बहुतांश ती मुकीच असते. माझ्यापुढच्या ग्लासात बसून ती नेमकं तेच करत होती जे तिला दोनशे वर्षांपूर्वी शिकवलं होतं. अबकारी अधिकाऱ्याने निर्माण केलेली वस्तू ऑडिटरसाठी तपासायची वेळ माझ्यावर आली होती, हा योगही नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या मताची गरज होती. आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. आयुष्यभर बस चालवली, जन्म इथलाच, लिबर्टीज भागातला. त्यांना ग्लास दिला आणि साडूंची पीडीएफ इंग्रजी करून समजावली. त्यांनी एका घोटात संपवला आणि म्हणाले, "ग्रँड." इथे त्याचा अर्थ 'ठीक आहे' एवढाच. दहापैकी किती, असं विचारल्यावर ते माझ्याकडे फार सहानुभूतीने बघत राहिले.

मग त्यांनी मला खिडकीशी नेऊन हात दाखवला. त्या बाजूला, 1875 च्या जूनमध्ये, दारूच्या एका गोदामाला आग लागली. पिंपं फुटली आणि पेटलेली व्हिस्की आर्डी स्ट्रीटवरून ओढ्यासारखी वाहिली. लोक टोप्या घेऊन धावले, बूट काढून धावले, जे हाताला लागेल त्यात भरून प्यायले. अग्निशमन दलाच्या कप्तानाने शेवटी घोड्यांची लीद रस्त्यावर टाकून तो प्रवाह अडवला. त्या प्रकारात 13 माणसं गेली. आगीने एकही नाही, धुराने नाही, सगळी पिऊन. "आणि त्यातल्या एकानेही," आजोबा म्हणाले, "रंगाला गुण दिले नव्हते."

त्यांच्या कपाटात पॉवर्स गोल्ड लेबल होती. 43.2 टक्के, किंमत माझ्या बाटलीहून थोडी वर. अहवालाच्या कक्षेबाहेरची होती, पण शेजारधर्म म्हणून एक घोट घेतला आणि साक्षीदार बोलायला लागला. तिखटसर, तेलकट, जिभेला चिकटून बसणारं असं काहीतरी, आणि गिळल्यावरही ते बोलतच होतं. चौथं शीर्ष 'रेंगाळ' म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आपल्या बाटलीत मी ते उगाच शोधत होतो. ही चव येते कच्च्या जवांमुळे. एके काळी मोड आणलेल्या जवांवर, म्हणजे माल्टवर कर बसला, तेव्हा आयरिश लोकांनी कर वाचवायला घाण्यात बिनमोडाचे जवही ढकलायला सुरुवात केली. मोडाचे आणि बिनमोडाचे एकत्र, तांब्याच्या हंड्यात, बहुधा तीनदा गाळलेले. पॉट स्टिल म्हणतात ती हीच. करचुकवेगिरीची चव इतकी उत्तम लागते, हे मी अहवालात सौम्य शब्दांत लिहिलं.

माझ्या बाटलीचं काय करायचं तेही आजोबांनीच दाखवलं. लिंबाची चकती, तिच्यात टोचलेल्या लवंगा, चमचाभर साखर, वर व्हिस्की आणि उकळतं पाणी. हॉट व्हिस्की. इथे थंडीत कुठल्याही पबमध्ये मिळते. लवंगा त्यांच्याकडे नव्हत्या, आमच्याकडे नाशिकहून आलेली बरणीच आहे. एक ग्लास वर नेला. हिने वास घेतला, "हा तर काढा," म्हणाली, आणि ग्लास परत दिला नाही. आणि खरंच सांगतो, लिंबू-लवंगेच्या संगतीत ती मुकी इतकी छान वागली की तिच्याबद्दलचं माझं मत बदललं. स्वतःचं काही म्हणणं नसणं हा तिथे गुणच ठरतो. महागडी पॉट स्टिल त्या ग्लासात घालणं मात्र पाप आहे, आणि हे माझं ठाम मत आहे.

अहवाल पाठवला. नुसती : 5, 'बरी'. गरम पाण्यात : 8. शिफारस : कोट्यासाठी ही नेऊ नये; थोडे जास्त देऊन पॉट स्टिल असलेली न्यावी.

दुसऱ्या दिवशी आक्षेपांची यादी आली. एक, 'बरी' ही श्रेणी कोणत्या परिपत्रकानुसार? दोन, शेजाऱ्याकडून भेट स्वीकारल्याबाबत खुलासा करावा. तीन, खोडलेल्या नोंदींत 'लसूण' वाचता येते. चार, अहवालातील सर्व पेगांची बेरीज आणि सोबतच्या छायाचित्रातील बाटलीची पातळी यांत मोठी तफावत दिसते. उर्वरित माल कुठे आहे?

बेरीज मी पुन्हा केली. तफावत होतीच. सुचेल ते लिहिलं : पिंपात व्हिस्की मुरत असताना दर वर्षी सुमारे 2 टक्के हवेत उडून जाते, त्याला या व्यवसायात देवदूतांचा वाटा म्हणतात, सबब घट व्यवसायमान्य आहे.

उत्तर ताबडतोब आलं. घट पिंपात ग्राह्य, बाटलीत नाही. तरीही दावा कायम असल्यास संबंधित देवदूताची सही घेऊन पाठवावी.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही ओट्याशी उभी राहून लिंबात लवंगा टोचत होती. तिने मजकूर वाचला, हात पुसले, किराण्याच्या यादीचा कागद उलटा करून त्यावर 'माल मिळाला' असं लिहिलं, सही केली आणि खाली जोडलं, 'आपली मेहुणी'.

चौथा आक्षेप पाच मिनिटांत निकाली निघाला.