माळ घातली म्हणून रडायचं नाही?

सध्या भजनी मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, ‘गळ्यात माळ आल्यावरही जो दुःखी राहतो त्याची भक्ती खोटी’, खाली पाच मुद्दे आणि शेवटी 11 जणांना पाठवा. माझ्या मावशीला तो दोघी-तिघींनी पाठवला. काका गेल्यावर तिने माळ घातली, डिप्रेशनच्या गोळ्याही चालू होत्या, मेसेज वाचून त्या बंद केल्या आणि स्ट्रिप हरिपाठाच्या पुस्तकाखाली दडवून ठेवली. म्हणून हे लिहितेय.

‘गोळी घेणाऱ्याचा पांडुरंगावर भरवसा नाही.’ सगळ्यात घातक मुद्दा हाच. या गोळ्यांचा गुण यायलाच दोन-चार आठवडे जातात, आणि अचानक सोडल्या की चक्कर येते, झोप उडते, जीव घाबरा होतो, आजार उलटू शकतो तो वेगळाच. मावशीला चक्कर यायला लागली तर ग्रुपवरच्या बाई म्हणे देव परीक्षा बघतोय! अहो, शुगरची गोळी खिशात ठेवून वारी चालणारे कितीतरी आहेत, वाटेत दवाखान्याच्या गाड्या उभ्या असतात, त्यांची भक्ती कुणी मोजत नाही, मग मनाच्याच औषधाचं वावडं का? गोळी कमी करायची की बंद, ते डॉक्टर ठरवतील.

‘खरा वारकरी रडत नाही.’ कुठला वारकरी? नामदेवांचे समाधीचे अभंग एकदा वाचा. 1296 साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेव्हा सगळे संत रडतायत, निवृत्तिनाथ तर गुरू, त्यांचाही बांध फुटतो, आणि ‘नामा म्हणे आतां लोपला दिनकर’. ही माणसं काय काल-परवा माळ घातलेली होती? त्यांना कुणी खोटं म्हटलं नाही.

‘उदासी म्हणजे मागचं पाप फिटतंय.’ नवरा गेलेल्या बाईला हे पाठवताना हात कसा धजावतो?

‘रोज हरिपाठ करा, मन शांत होतं’, हे अर्धं खरं आहे, मानावं लागतं. चारचौघींत बसून टाळ हातात घेतला की मावशीचा चेहरा खुलतो, मी बघितलंय. पण तो तासभर, पहाटे जाग येऊन छातीत धडधडतं तेव्हा ती एकटीच असते, आणि मेसेजचा शेवटचा मुद्दा काय तर ‘दुःख कुणाला सांगू नका’! सांगा. घरात सांगा, नाहीतर 14416 ला फोन लावा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मावशीच्या गोळ्या डॉक्टरांनी परत चालू केल्यात. ज्यांनी तो मेसेज पुढे ढकलला त्यांनी निदान हा नंबर तरी त्याच ग्रुपवर टाका.