‘तलवारीचे विळे झाले’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

बालनाट्याच्या ऐन लढाईत चार धोप तलवारी वाकल्या आणि प्रेक्षक हसले, हे वाचून वाईट वाटलं. मुलांचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून माफी.

पण ‘चपलेच्या रबराच्या तलवारी, स्टेजवर विळे झाले, वर नगाला 300 रुपये भाडं’ असं तुम्ही लिहिलंत, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

रबर चपलेचंच आहे. ईव्हीए फोम. त्यात लपवायचं काय? लाकडी तलवार सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात दिली की दोन मिनिटांत खांदा भरून येतो, आणि समोरच्याला लागली तर वेगळंच. म्हणून तर तुम्ही आमच्याकडे आलात.

धोपेचं पातं सरळ असतं, हे मला माहीत आहे. फोमचे दोन थर, मध्ये फायबरची काडी, वरून पातळ केलेल्या फेविकॉलचे तीन हात, मग चंदेरी रंग. टोक मऊ हवं, असं तुम्हीच दोनदा फोन करून सांगितलंत. त्यामुळे शेवटची वीतभर काडी घातलेली नाही. वाकलं ते तेवढंच.

आणि का वाकलं? सामान परत द्यायला आलेला तुमचा मुलगा सहज बोलून गेला, ‘काका, सकाळपासून गाडीतच होत्या, मागच्या काचेपाशी, वर कपड्यांचं गाठोडं.’ मे महिना, पुण्याचं ऊन आणि बंद गाडी! आम्ही ढालीला बाक देतो तो फोम हीटगननं तापवून, दाबून धरून आणि तसाच गार होऊ देऊन. नेमकं तेच काम तुमच्या गाडीनं फुकटात केलं. उष्णतेनं चिकटवायचं सोल्युशन सैल पडतं, थर सरकतात, ते वेगळंच. प्रत्येक मुठीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती : ‘उन्हात, बंद गाडीत ठेवू नये.’ सगळ्या चिठ्ठ्या गाठीसकट परत आल्या आहेत.

दहाच्या चौदा तलवारी आदल्या संध्याकाळी झाल्या, तरी आम्ही नाही म्हटलं नव्हतं. घरची रात्री एकपर्यंत रंगाचे हात मारत बसली होती. त्या वाढीव चार जरा घाईच्या असतील, मान्य. पण एक स्टार? आमचं सगळं काम तोंडी शिफारशीवर चालतं. परवाच एका शाळेच्या बाईंनी ‘वाचलं हो तुमच्याबद्दल’ म्हणून ऑर्डर थांबवली.

अनामत पूर्ण परत केली आहेच. चिठ्ठीची अक्षरं मोठी करतो, टोकाचंही काहीतरी बघतो. पुढच्या शिबिराला भाड्यात सांभाळून घेऊ.

ता.क. लाल मुठीची एक कट्यार अजून तुमच्याकडेच आहे. सावकाश आणा, फक्त मागच्या काचेपाशी ठेवू नका.